व्यसनमुक्तीच्या वाटेवर मोबाइलची सोबत

गेल्या काही वर्षांत आमच्या व्यसनोपचार विभागाला भेट देणारे देणगीदार आणि हितचिंतक एक सूचना आवर्जून करतात. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. मग व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या रुग्णांसाठी रुग्णालयाने स्वतःचे एखादे ॲप का तयार करून घेऊ नये? त्याचा खर्च उचलण्याची तयारीही काहींनी दर्शविली. या सूचनेमागील आपुलकी आम्ही जाणतो. विश्वस्त मंडळापुढे हा विषय आला तेव्हा घाईने होकार वा नकार देण्यापेक्षा या साधनाने इतरत्र काय साधले आहे, हे आधी पाहावे असे ठरले. विभागाने त्याप्रमाणे माहिती घेऊन जे मत बनविले, ते देणगीदारांसमोर आणि त्यांहूनही अधिक रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

येथे आम्ही केवळ अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनाविषयी लिहीत आहोत. अफू, तिच्यापासून तयार होणारे हेरॉईन, त्याचेच भेसळयुक्त रूप असलेली ब्राउन शुगर, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, वेदनाशामक म्हणून दिले जाणारे ट्रॅमाडॉल ही सारी एकाच कुळातली. ब्राउन शुगर ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात पसरली आणि मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव मिळाले. डॉ. अनिल अवचट यांनी या विळख्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच काळात ‘गर्दुल्ला’ हा शब्दही बोलीत रुळला. तो शब्द आमच्या विभागात वापरला जात नाही. आपणही तो वापरू नये अशी विनंती आहे. ज्याला घरात आणि गल्लीत त्या नावाने हाक मारली जाते, तो उपचारांच्या खिडकीशी येऊन उभा राहण्यास कचरतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो.

हा प्रश्न काही मोजक्या वस्त्यांपुरता राहिलेला नाही. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील २.०६ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख लोक कोणता ना कोणता अफूवर्गीय पदार्थ घेत होते. हेरॉईन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या वा सिरप यांचा गैरवापर करणारे ०.९६ टक्के आणि अफू घेणारे ०.५२ टक्के अशी त्यांची वर्गवारी होती. काही जण एकाहून अधिक पदार्थ घेत असल्याने बेरीज जुळणार नाही. ज्यांना उपचारांची गरज आहे अशांची संख्या सुमारे ६० लाख. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण ज्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

औषध, आणि औषधाला धरून राहणे

ॲपचा विचार करण्यापूर्वी उपचार म्हणजे नेमके काय, हे सांगणे आवश्यक आहे. कारण आप्तेष्टांचा सर्वांत मोठा गैरसमज तेथेच असतो. गर्द घेणारी व्यक्ती ती थांबविते तेव्हा साधारणतः आठ ते चोवीस तासांत शरीर बंड करून उठते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडे कुणी पिळून काढावीत तशी दुखतात, जुलाब होतात, झोप उडते. रुग्णांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. आठवडाभरात ती ओसरते. कुटुंबीयांना वाटते, संकट टळले. मुलगा जेवू लागला, हसू लागला, आता घरी न्यावे.

वैद्यकीय दृष्टीने सर्वाधिक धोक्याचा काळ मात्र याच वेळी सुरू होतो. पदार्थ सुटल्यावर शरीराची तो सोसण्याची सवयही सुटते. मेंदूतील ओढ तशीच राहते. अशा माणसाने महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या कमकुवत क्षणी पूर्वीएवढीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. केवळ अंगातून ‘विष काढून’ घरी पाठविणे हा म्हणूनच पुरेसा उपचार ठरत नाही.

यासाठी दीर्घकाळ द्यावयाची औषधे आहेत. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवून विरघळविण्याची गोळी त्यांपैकी मुख्य. मेंदूतील ज्या जागांवर हेरॉईन जाऊन बसते त्याच जागा ती व्यापते, परंतु त्यांना अर्धवटच चेतविते. त्यामुळे टर्की होत नाही, तलफ शमते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा वाढविली तरी श्वसनावरील परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावता’ हा आक्षेप आम्ही दर आठवड्यास ऐकतो. त्याला आमचे उत्तर असे, की गर्द घेणाऱ्याचा दिवस चढ, उतार आणि पुढच्या पुडीचा शोध यांतच संपतो. गोळीवर स्थिर झालेला माणूस सकाळी कामावर जातो आणि रात्री झोपतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा वाढविण्यासाठी तो घरातील भांडी विकत नाही.

ही औषधे चालू असणे आणि बंद पडणे यांत किती अंतर आहे, याचे मोजमाप झालेले आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली एक मोठा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेथाडोन घेणाऱ्या १,२२,८८५ आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या १५,८३१ रुग्णांची माहिती तपासली गेली. एक हजार रुग्णांचा एक वर्षाचा काळ धरला, तर मेथाडोन चालू असताना सुमारे ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना ४ ते ५ आणि सुटल्यावर ९ ते १० मृत्यू असे प्रमाण आढळले. हे आकडे आम्ही नवीन समुपदेशकांना पहिल्याच दिवशी सांगतो. रुग्ण उपचारांत राहतो की गळतो, यावर त्याचे जगणे अवलंबून आहे. मोबाइलचे काय करावयाचे, या प्रश्नाकडेही आम्ही याच बाजूने पाहतो.

रुग्ण आमच्याकडे आठवड्यातून एकदा, पुढे पंधरवड्यातून एकदा येतो. मधले दिवस आमचे नसतात. पगाराची संध्याकाळ, सासरी झालेला अपमान, गणपतीच्या मांडवात भेटलेला जुना सोबती, रात्री दोनची उडालेली झोप, यांपैकी काहीही आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत घडत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली घसरण-प्रतिबंधाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा प्रसंगांचा बारकाईने विचार आहे. तलफ ही लाटेसारखी असते, ती चढते आणि मोडतेही. तेवढा वेळ तग धरण्याचे तंत्र रुग्णाला शिकविता येते, हा त्यांच्या विचारातील एक धागा. लाट चढलेली असते तो अर्धा तास सोबत कोणी असावे लागते. खिशातला मोबाइल ती सोबत देऊ शकेल काय?

अमेरिकेत काय घडले

या दिशेने सर्वाधिक प्रयोग अमेरिकेत झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवासी उपचार संपवून घरी जाणाऱ्या मद्यासक्त रुग्णांसाठी ‘ए-चेस’ ही मोबाइलवरील योजना तयार केली. एक कळ दाबताच मदतीची व्यवस्था पुढे येई. रुग्ण आपल्या जुन्या गुत्त्याजवळ गेला तर मोबाइल त्याला सावध करी. सहरुग्णांशी बोलण्याची सोयही होती. ३४९ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना ही सोय मिळाली त्यांच्यात महिन्याकाठी अतिमद्यपानाचे दिवस सरासरी १.३९ होते, इतरांत २.७५. हे दारूविषयीचे काम असल्याने ते गर्दाच्या रुग्णांस जसेच्या तसे लावता येणार नाही, परंतु आशा वाढविणारे ते नक्कीच होते.

अफूवर्गीय व्यसनासाठी मोठे पाऊल पडले ते डिसेंबर २०१८ मध्ये. ‘पेअर थेराप्युटिक्स’ या कंपनीच्या ‘रीसेट-ओ’ या ॲपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. हे ॲप डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळे आणि ८४ दिवस चाले. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाने त्यात छोटे छोटे पाठ वाचावयाचे, प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, तलफ कधी व कशामुळे आली याची नोंद करावयाची. ती नोंद डॉक्टरांना दिसे.

ज्या चाचणीच्या आधारे मान्यता मिळाली ती आम्ही काळजीपूर्वक पाहिली. ती १७० रुग्णांवर बारा आठवडे चालली. सर्वांना देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन मिळत होते आणि लघवीची तपासणी निर्दोष आली की बक्षीसही मिळत होते. त्यांपैकी काहींना याव्यतिरिक्त संगणकावरील धडे दिले गेले. धडे घेणाऱ्यांपैकी ८२.४ टक्के रुग्ण शेवटपर्यंत उपचारांत टिकले, इतरांपैकी ६८.४ टक्के. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, चाचणी झाली ती केंद्रात ठेवलेल्या संगणकावरील धड्यांची. मोबाइलवरील रूप नंतरचे. दुसरी अधिक महत्त्वाची: या कार्यक्रमाने अमली पदार्थांचे सेवन घटल्याचे दिसले नाही, हे मान्यता देणाऱ्या प्रशासनाने आपल्या निवेदनातच सांगितले होते. लाभ दिसला तो टिकून राहण्यात.

एखाद्या वाचकाला हा लाभ किरकोळ वाटेल. वर दिलेले मृत्यूचे आकडे पुन्हा पाहिल्यास तसे वाटणार नाही. शंभरांतील चौदा अधिक रुग्ण औषधाला धरून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्याच आकड्यांतून हेही उघड होते, की तेथे औषध होते, बक्षीस होते, केंद्र होते, भेटणारी माणसे होती. धड्यांची भर या सर्वांवर पडली. हे सारे काढून घेऊन केवळ ॲप रुग्णाच्या हाती दिले तर काय होईल, याचे उत्तर त्या चाचणीत नाही.

पुढची हकीकत विश्वस्तांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. विमा कंपन्या या ॲपचे पैसे देण्यास पुरेशा प्रमाणात पुढे आल्या नाहीत आणि एप्रिल २०२३ मध्ये पेअर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता लिलावात निघाली. रीसेट-ओ नंतर दुसऱ्या संस्थेकडे गेले. ॲप एकदा तयार करून भागत नाही, ते सतत सांभाळावे लागते आणि त्याचा खर्च थांबत नाही. इमारतीवर कोनशिला बसविता येते तशी ॲपवर बसत नाही, असे आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त या संदर्भात म्हणाले.

आपल्या रुग्णाच्या हातातला मोबाइल

परदेशातील यश आपल्या गावात आणताना रुग्णाच्या हातातला मोबाइल प्रत्यक्षात कसा असतो हे पाहिले पाहिजे. आमच्या अनुभवानुसार घसरण होते तेव्हा घरातील विकली जाणारी पहिली वस्तू बहुधा मोबाइलच असते. सिमकार्डे बदलतात. पुष्कळ घरांत एकच चांगला मोबाइल असतो आणि तो मुलांच्या अभ्यासासाठी, पत्नीच्या कामासाठी, सासूच्या भजनांसाठी फिरत असतो. बाजारातील बहुतेक ॲप्स इंग्रजीत आहेत. शिवाय पुडी पुरविणाऱ्याचा क्रमांकही त्याच मोबाइलमध्ये असतो, हे विसरून चालणार नाही.

जुन्या अड्ड्याजवळ जाताच सावध करणारा नकाशा अमेरिकेतील विस्तीर्ण शहरात उपयोगी पडत असेल. आमच्या अनेक रुग्णांच्या बाबतीत अड्डा त्यांच्याच गल्लीच्या टोकाला आहे. तेथे तो मोबाइल दिवसभर वाजत राहील.

अनेक ॲप्समध्ये व्यसनमुक्त दिवस मोजणारा आकडा असतो. तरुण रुग्णांना तो आवडतो. नव्वद, एकशेवीस असे आकडे ते आम्हांस अभिमानाने दाखवितात, आणि त्या अभिमानाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. अडचण येते ती एका दिवसाच्या चुकीनंतर आकडा शून्यावर जातो तेव्हा. ‘एकदा घेतली, सगळे गेले, आता थांबून काय उपयोग’ ही मनोवस्था एका चुकीचे रूपांतर पूर्ण घसरणीत करते, हे मार्लाट यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. चार महिन्यांची कमाई यंत्राने एका क्षणात पुसून टाकावी, हे आम्हांस उपचारांच्या दृष्टीने योग्य वाटत नाही. आमचे समुपदेशक रुग्णाच्या कागदावर जुने दिवस तसेच ठेवतात आणि पुढची ओळ सुरू करतात.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. २५ मार्च २०२० रोजी देशात दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. अमली व मनोवर्ती पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे दूरसंवादातून लिहून देण्यास त्यांनी मनाई केली, आणि ब्युप्रेनॉर्फिन त्याच वर्गात मोडते. टाळेबंदीच्या काळात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, आपल्या केंद्रांतील स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली, हे खरे. तरी औषधासाठी माणसाने माणसासमोर यावे लागते ही मूळ व्यवस्था मोबाइलने बदललेली नाही.

साध्या मोबाइलचे सामर्थ्य मात्र आपल्याच देशाने दाखविले आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमात ‘नव्व्याण्णव डॉट्स’ ही पद्धत वापरली गेली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यावयाचा. खर्च काही नाही, स्मार्टफोन नको, इंग्रजी नको. मिस्ड कॉल म्हणजे काय हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही! पुढे या पद्धतीच्या तपासणीत असे दिसले, की काही रुग्ण गोळी घेऊनही कॉल देत नव्हते आणि काही कॉल देऊन गोळी घेत नव्हते. यंत्राने नोंद ठेवली तरी ती खरी आहे काय हे पाहणारा माणूस लागतोच. तरीही आमच्या रुग्णांस झेपेल असे साधन कसे असावे, याची कल्पना आम्हांस तेथूनच मिळाली.

पोस्टकार्ड आणि पाकीट

दूरध्वनी घरोघरी नव्हते तेव्हा पाठपुराव्यासाठी आमचा विभाग रुग्णांना पत्रे लिहीत असे. पोस्टकार्ड स्वस्त पडे, पण आम्ही ते कधी वापरले नाही. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही ते वाचू शके. पत्र बंद पाकिटात जाई आणि पाकिटावर विभागाचे नाव नसे. गावातील लग्ने जुळण्या-मोडण्याचा प्रश्न होता, नोकरीचा प्रश्न होता.

अनेक ॲप्स ही त्या अर्थाने उघडी पोस्टकार्डे आहेत. अफूवर्गीय व्यसनावरील उपचारांसाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या दहा ॲप्सची तांत्रिक तपासणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अनेक ॲप्स मोबाइलची ओळख पटविणारी माहिती मिळवीत आणि बाहेरच्या कंपन्यांपर्यंत पोहोचवीत असल्याचे त्यात आढळले. अमुक क्रमांकाच्या मोबाइलवर व्यसनोपचाराचे ॲप आहे, एवढी एकच गोष्ट बाहेर गेली तरी पुरे आहे. रुग्णाने आत काय लिहिले ते वाचण्याचीही गरज नाही. मालकाला, विमा कंपनीला, सोयरीक पाहणाऱ्यांना त्यातून जे कळावयाचे ते कळते.

आपल्या देशात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित विकारही आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. कुटुंबीयांच्या मनात पोलिसांची जी भीती असते तिच्याविषयीही येथे सांगावयास हवे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, स्वतःच्या सेवनासंबंधी वा अल्प प्रमाणातील पदार्थासंबंधी गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेतले जाऊ शकते. कायदे आहेत ही समाधानाची गोष्ट आहे. तरी रुग्णाची माहिती मुळात फारशी गोळाच न करणे, हा गोपनीयतेचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे असे आम्ही मानतो.

विभागाने काय ठरविले

या सर्व विचारांती स्वतःचे ॲप तयार करवून घेऊ नये, अशी शिफारस विभागाने विश्वस्त मंडळाकडे केली आणि मंडळाने ती मान्य केली. त्याऐवजी जो रुग्ण संमती देईल त्याच्या क्रमांकावर, तो सांगेल त्या वेळी, रोज एक छोटा संदेश जातो. त्यात रुग्णालयाचे नाव नसते. व्यसन, गर्द, गोळी यांपैकी एकही शब्द नसतो. ‘आज कसे आहात?’ एवढेच विचारलेले असते. उत्तरादाखल एक आकडा पाठवावयाचा. १ म्हणजे ठीक, २ म्हणजे दिवस जड जात आहे, ३ म्हणजे मला फोन करा. कोणताही मोबाइल यासाठी चालतो. दुसऱ्या कोणी तो संदेश पाहिला तरी त्याला काही उमगू नये.

तीनचा आकडा आला की समुपदेशक फोन करतो. सलग दोन दिवस कोणतेही उत्तर आले नाही तरी फोन करतो, आणि खरे पाहता हाच फोन अधिक मोलाचा ठरतो. कारण घसरलेला रुग्ण मदत मागत नाही, तो लाजेने गप्प होतो. त्याची विचारपूस करताना ‘का घेतलीस’ हा प्रश्न समुपदेशक विचारत नाहीत. ‘उद्या गोळी घ्यायला येणार ना, किती वाजता येता?’ असे विचारतात. एका रिक्षाचालक रुग्णाच्या पत्नीने आम्हांस सांगितले, की ते फोनवर फार बोलत नाहीत, पण फोन येऊन गेला की जेवायला बसतात. आमच्याकडील तरुण मुले मात्र समोरासमोर जे सांगत नाहीत ते रात्री लिहून पाठवितात; अक्षरांची ही आडोशाची सोय आम्ही मोबाइलचा मोठा गुण मानतो आणि त्यासाठी कोणतेही खास ॲप लागत नाही.

यात संदेशांचा खर्च नगण्य आहे. खर्च आहे तो संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फोनशी बसणाऱ्या समुपदेशकाच्या वेतनाचा. ज्यांनी ॲपसाठी देणगी देऊ केली होती त्यांना आम्ही हीच रक्कम पाठपुराव्याच्या निधीकडे वळविण्याची विनंती केली आहे. वेतनासाठी देणगी मागणे कठीण असते, याची आम्हांस जाणीव आहे. यंत्र दाखविता येते, फोनवरचे बोलणे दाखविता येत नाही, आणि या विभागात तर ते दाखवूही नये. उद्या मराठीत, रुग्णाची माहिती बाहेर न जाऊ देणारे आणि नीट चाचणी झालेले एखादे ॲप उपलब्ध झाले, तर त्याचाही विचार विभाग मोकळ्या मनाने करील.

कुटुंबीयांसाठी थोडेसे

‘त्याचा मोबाइल काढून घेऊ का?’ असे आई-वडील नेहमी विचारतात. सरसकट काढून घेऊ नये. जुने क्रमांक त्याने स्वतः, शक्यतो समुपदेशकासमोर, काढून टाकावेत आणि हवे तर सिमकार्ड बदलावे. नवा क्रमांक विभागाला त्याच दिवशी कळवावा. त्याच्या नकळत मोबाइल तपासणे किंवा तो कोठे जातो हे पाहणारे ॲप त्यात घालणे टाळावे. ते एकदा उघडकीस आले की तो रात्रीचे संदेश पाठविणे थांबवितो, आणि आपल्याला मिळणारी खरी खबर तेवढीच असते. पैशांचे व्यवहार करणारी ॲप्स मात्र पहिल्या काही महिन्यांत त्याच्या संमतीने पत्नीने वा आईने सांभाळावीत. पगाराच्या दिवशी हातात रक्कम नसणे ही बऱ्याच रुग्णांना स्वतःलाच हवीशी वाटणारी मदत आहे.

बाजारातील एखादे ॲप तो आधीपासून वापरत असेल आणि त्याला त्यापासून बळ मिळत असेल तर आम्ही विरोध करीत नाही. ते खऱ्या नावाने वापरू नये, संपर्क-यादी व स्थान पाहण्याची परवानगी त्याला देऊ नये, आणि ‘औषधाशिवाय व्यसनमुक्ती’ असे आश्वासन देणारे ॲप असेल तर ते काढून टाकावे. ॲपवरील कोणाच्या सल्ल्याने गोळी कमी करू नये वा थांबवू नये.

रुग्ण हाक मारूनही उठत नसेल, श्वास फार संथ वा घोरल्यासारखा येत असेल, ओठ निळसर पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती अतिमात्रेची लक्षणे आहेत. त्या वेळी समुपदेशकाच्या फोनची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला कुशीवर वळवून ठेवावे, श्वास थांबला असेल आणि येत असेल तर तोंडाने श्वास द्यावा, एकटे सोडू नये, आणि त्याने काय घेतले असावे ते डॉक्टरांना न लपविता सांगावे. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत मिळाल्यास अफूवर्गीय पदार्थाचा परिणाम उलटविता येतो. ते रुग्णालयात टोचले जाते.

आमच्या विभागाच्या वेळेबाहेर बोलण्याची गरज वाटल्यास केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. दोन्ही क्रमांक रुग्णाच्याच नव्हे, तर घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साध्या नावाने लिहून ठेवावेत.